बंदुका मोजून भागत नाही, गोळी कोणाला लागली ते लिहावे लागते

शस्त्रनियंत्रण हा शब्द कानावर पडला की आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाला अणुबॉम्ब आठवतो, क्षेपणास्त्रे आठवतात, बड्या राष्ट्रांच्या नेत्यांनी सह्या केलेले करार आठवतात. या साऱ्या चर्चेत सामान्य माणूस कुठेच नसतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. लहान शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या जिनिव्हाच्या 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या अंदाजानुसार 2017 च्या अखेरीस जगात सुमारे शंभर कोटी बंदुका होत्या आणि त्यांपैकी 85.7 कोटी सैन्याकडे किंवा पोलिसांकडे नव्हे, तर नागरिकांच्या हातात होत्या. म्हणजे शस्त्रांचा प्रश्न हा फक्त सरहद्दीवरचा प्रश्न नाही. तो घरातला, गल्लीतला, लग्नमंडपातला प्रश्न आहे.

मग या बंदुकांचे नियंत्रण करायचे म्हणजे काय करायचे? सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : मोहीम काढा, बंदुका गोळा करा, ढीग रचा, फोटो काढा, आकडा जाहीर करा. आमचे म्हणणे असे आहे की हे उत्तर अपुरे आहे, आणि हे आम्ही हवेत बोलत नाही. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यातल्या बाल्कन प्रदेशाचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास तेच सांगतो. तिथे बंदुका मोजण्याचे काम आधी झाले. गोळी कुठे सुटली, कोणी सोडली आणि कोणाला लागली, हे रोजच्या रोज लिहून ठेवण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. या दुसऱ्या कामात आज शिकाऊ मुलामुलींचाही, म्हणजे इंटर्न मंडळींचाही हात असतो. त्यांची नोंदवही हा या लेखाचा विषय आहे.

आधी बंदुका आल्या कुठून ते पाहू. 'बाल्कनची माणसेच रक्तपिपासू, बंदूक त्यांच्या संस्कृतीतच आहे' असे पाश्चात्त्य पत्रकारांनी पुष्कळ लिहिले. एखाद्या समाजाचा स्वभावच तसा आहे असे सांगून मोकळे होणे ही जुनी युक्ती आहे आणि आपण ती चांगली ओळखतो. खरी कारणे राज्यकर्त्यांच्या निर्णयांत सापडतात.

ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. उद्या हीच वेळ आपल्यावर येईल या भीतीने टिटोंच्या युगोस्लाव्हियाने 'सर्वंकष राष्ट्रीय संरक्षण' हे धोरण स्वीकारले. सैन्याच्या जोडीला प्रत्येक प्रजासत्ताकात 'प्रादेशिक संरक्षण दल' उभे राहिले. त्याची शस्त्रे गावोगावच्या कोठारांत ठेवली गेली. क्रागुयेवाच शहरातला झास्तावा हा कारखाना, जो 1853 पासून तोफा आणि बंदुका बनवत आला होता, तो कलाश्निकोव्हच्या धर्तीवरची एम-70 रायफल मोठ्या संख्येने तयार करत होता. परकीय आक्रमण कधी आलेच नाही. 1991 पासून देश फुटत गेला आणि हीच शस्त्रे शेजाऱ्याने शेजाऱ्यावर रोखली. 25 सप्टेंबर 1991 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव 713 करून युगोस्लाव्हियाला शस्त्रे विकण्यावर बंदी घातली. पण बाहेरून शस्त्र न आल्याने घरातली शस्त्रे नाहीशी होत नाहीत. ज्यांच्या ताब्यात जुन्या सैन्याचा साठा होता त्यांना बंदीची झळ कमी लागली, ज्यांच्याकडे नव्हता त्यांना जास्त.

अल्बानियाची गोष्ट याहून बोलकी आहे. एन्व्हर होजा यांच्या राजवटीत हा छोटा देश सतत युद्धाच्या तयारीत ठेवला गेला. देशभर दीड लाखाहून जास्त काँक्रीटचे बंकर बांधले गेले आणि शस्त्रांची कोठारे भरली गेली. राजवट गेली, कोठारे राहिली. पुढे बाजार मोकळा झाल्यावर दामदुपटीचे आमिष दाखवणाऱ्या पिरॅमिड योजनांनी देशाला घेरले. लोकसंख्येच्या जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी त्यांत पैसे घातले. काहींनी घरे आणि गुरे विकून घातले. योजनांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास गेली. 1997 च्या सुरुवातीला त्या बुडाल्या. मार्चमध्ये संतापलेल्या लोकांनी शस्त्रागारे फोडली आणि साधारण साडेपाच लाख बंदुका लोकांच्या हाती गेल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस-बत्तीस लाख, म्हणजे दर सहा माणसांमागे जवळजवळ एक बंदूक. त्या वर्षीच्या हिंसाचारात सुमारे दोन हजार माणसे मेली. लुटलेल्या शस्त्रांपैकी पुष्कळशी डोंगर ओलांडून शेजारच्या कोसोव्होच्या युद्धात पोहोचली. बंदूक ही संस्कृतीतून येत नाही. ती सरकारच्या कोठारातून येते, आणि ज्या दिवशी माणसाचा सरकारवरचा उरलासुरला विश्वास संपतो त्या दिवशी ती घरी येते.

यावर बाहेरच्या जगाने काय केले? बंदुका मोजल्या. 2001 मध्ये मॅसेडोनियात सरकार आणि अल्बानियन बंडखोर यांच्यात समेट झाल्यावर नाटोने तीस दिवसांची मोहीम काढली आणि 3,875 शस्त्रे गोळा केली. मोहीम यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. या आकड्याने समेटाला हातभार लागला हे आम्ही नाकारत नाही. पण गावात उरलेल्या बंदुकांचे काय, त्या कोणावर चालतात, याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते.

त्याआधी 1999 मध्ये अल्बानियातल्या ग्राम्श जिल्ह्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने, म्हणजे यूएनडीपीने, वेगळा प्रयोग केला होता. ग्राम्शमध्येच एकेकाळी कलाश्निकोव्ह बनवणारा कारखाना होता. बंदूक परत करणाऱ्याला रोख पैसे द्यायचे नाहीत, तर गावाने बंदुका दिल्या की गावाला रस्ता, दूरध्वनी आणि रस्त्यावरचे दिवे मिळतील, असे ठरले. सुमारे सहा हजार शस्त्रे जमा झाली. लुटीच्या मानाने हा आकडा लहान आहे. मात्र त्यातला विचार मोठा होता. माणूस बंदूक का ठेवतो हा प्रश्न तिथे विचारला गेला.

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मॅक्स वेबरची राज्यसंस्थेची व्याख्या शिकवली जाते : आपल्या भूभागात वैध बळाच्या वापराचा एकाधिकार जिच्याकडे असतो ती राज्यसंस्था. परीक्षेत आपण ही व्याख्या लिहून मोकळे होतो. पण ज्याला राज्यसंस्थेने कधी संरक्षणच दिले नाही त्याने आपले हत्यार तिच्या हवाली का करावे, हे त्या व्याख्येत नसते. 1910 मध्ये ऑटोमन सैन्याने अल्बानियाच्या डोंगराळ भागात बळजबरीने निःशस्त्रीकरण केले, त्याची आठवण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. आपल्याकडे ब्रिटिशांनी 1878 चा शस्त्र कायदा आणला तोही प्रजेच्या सुरक्षेसाठी नव्हता, राज्यकर्त्यांच्या सुरक्षेसाठी होता. म्हणून निःशस्त्रीकरण हा शब्द आपोआप पवित्र होत नाही. शस्त्र कोणाचे काढले जाते, कोणाचे ठेवले जाते आणि हे ठरवताना कोणती माहिती वापरली जाते, हे प्रत्येक वेळी विचारावेच लागते.

माहितीचा हा प्रश्न घेऊनच पुढची संस्था उभी राहिली. जुलै 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी लहान शस्त्रांच्या अवैध व्यापाराविरुद्ध कृतिकार्यक्रम स्वीकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आग्नेय युरोपातल्या देशांनी प्रादेशिक अंमलबजावणीची योजना मान्य केली. तिच्यासाठी मे 2002 मध्ये बेलग्रेड येथे यूएनडीपीच्या अंतर्गत एक केंद्र सुरू झाले. त्याचे लघुनाम सीसॅक. आरंभी या केंद्राचे बरेचसे काम शस्त्रे नष्ट करणे, कोठारे सुरक्षित करणे, कायदे सुधारणे या स्वरूपाचे होते. म्हणजे भर पुन्हा बंदुकीवरच होता.

माणूस मोजण्याची व्यवस्था नंतर आली. सीसॅकच्या सशस्त्र हिंसा निरीक्षण मंचावर 2014 पासूनच्या घटनांच्या नोंदी जमवल्या गेल्या आहेत. पुढे जुलै 2018 मध्ये लंडनच्या शिखर परिषदेत अल्बानिया, बोस्निया-हर्जेगोव्हिना, कोसोव्हो, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया आणि सर्बिया या सहा शासनांनी लहान शस्त्रांविषयीचा 'रोडमॅप' स्वीकारला. त्यात सात उद्दिष्टे आहेत. त्यांपैकी एक स्पष्टपणे सांगते की शस्त्रनियंत्रणाची धोरणे पुराव्यावर आधारलेली असली पाहिजेत. प्रगती तपासण्यासाठी चौदा निर्देशकही ठरवले गेले.

आता हा पुरावा तयार कसा होतो ते समजून घेतले पाहिजे, कारण तिथेच खरे राजकारण आहे. हे काम दिसायला अगदी साधे, कंटाळवाणेसुद्धा आहे. इंटर्न असो वा कायम कर्मचारी, नोंद करणाऱ्याला स्थानिक भाषांतल्या बातम्या, जिल्हा वार्तापत्रे आणि पोलिसांची निवेदने रोज चाळावी लागतात. गोळीबाराची बातमी दिसली की ती दुसऱ्या ठिकाणी पडताळायची, तीच घटना दोनदा तर लिहिली जात नाही ना हे बघायचे, मग रकाने भरायचे. तारीख कोणती, गाव कोणते, हत्यार कोणत्या जातीचे, वैध की अवैध, गोळी सोडणारा कोण, जखमी किंवा मृत कोण, स्त्री की पुरुष, वय किती. शेवटी सर्वांत अवघड रकाना : हे घडले कशातून? टोळीचे वैर, दरोडा, शेजाऱ्याशी बांधाचे भांडण, घरगुती हिंसा, आत्महत्या, अपघात, की लग्नातला आनंद?

एका गावातली एक बातमी ही फक्त बातमी असते. अशा हजारो बातम्या एका चौकटीत बसल्या की समाजाचा एक्स-रे निघतो. पोलिसांच्या दप्तरात गुन्ह्याचे कलम असते, रुग्णालयाच्या दप्तरात जखम असते, न्यायालयाच्या दप्तरात आरोपी असतो. ही तीन दप्तरे एकमेकांशी क्वचितच बोलतात. नोंदवही त्यांच्यामधली जागा भरते. या सहा शासनांत तर देशाच्या नावावरूनही वाद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कागदावर कोसोव्होच्या नावापुढे चिन्ह टाकून ठराव 1244 चा हवाला द्यावा लागतो. ज्यांचे नकाशावर एकमत होत नाही त्यांची माहिती एकाच नोंदवहीत शेजारी-शेजारी बसते, ही आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही.

या दृष्टीने अलीकडच्या वर्षांकडे पाहा. 12 ऑगस्ट 2022 रोजी माँटेनेग्रोतल्या त्सेतिन्ये या जुन्या राजधानीत एका माणसाने दहा जणांना ठार केले, त्यांत लहान मुले होती. 3 मे 2023 रोजी बेलग्रेडच्या एका प्राथमिक शाळेत तेरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. नऊ विद्यार्थी आणि शाळेचा रखवालदार असे दहा जण दगावले. दुसऱ्याच दिवशी म्लादेनोवाच शहराजवळच्या गावांत एका तरुणाने आणखी किमान आठ जणांचा जीव घेतला. त्याच वर्षी 11 ऑगस्टला बोस्नियातल्या ग्रादाचाच येथे एका पुरुषाने आपल्या पूर्वीच्या पत्नीची हत्या समाजमाध्यमावर थेट दाखवली, मग आणखी दोघांना मारून स्वतःलाही संपवले. 1 जानेवारी 2025 रोजी पुन्हा त्सेतिन्येमध्ये एकाने किमान बारा माणसे मारली.

या पाचही घटनांत युद्ध कुठे आहे? पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे युद्ध संपले, पण बंदूक संपली नाही, आणि ती आता घरातल्या, शाळेतल्या, शेजारच्या माणसावर चालते. बेलग्रेडच्या शाळेत वापरलेली पिस्तुले मुलाच्या वडिलांची होती आणि ती परवान्याची होती. 'अवैध शस्त्र हीच समस्या, परवाना असला की माणूस जबाबदार' हा सरकारी सिद्धान्त तिथे कोसळला. सर्बियात त्यानंतर लाखो लोक 'हिंसेविरुद्ध सर्बिया' या घोषणेखाली रस्त्यावर उतरले. सरकारने शस्त्रे जमा करणाऱ्यांना माफी जाहीर केली आणि पहिल्याच आठवड्यात साडेतेरा हजारांच्या आसपास शस्त्रे व स्फोटके लोकांनी आणून दिली. पुन्हा ढीग, पुन्हा फोटो. लोकांनी शस्त्रे दिली याचे आम्ही स्वागतच करतो. पण ज्या घरात नवरा बायकोला बंदूक दाखवून गप्प बसवतो त्या घरातली बंदूक त्या ढिगात आली का? बंदुकांचे मालक तिथे जवळजवळ सर्व पुरुषच आहेत. बंदूक द्यायची की ठेवायची हे तेच ठरवतात आणि भोगतात मात्र दुसरे. ढिगाच्या आकड्यातून हे दिसत नाही. कोणी, कोणाला, कोणत्या नात्यात गोळी घातली हे लिहिले तरच दिसते.

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा की नोंद करून कोणाचा जीव वाचतो? घटना घडून गेल्यावरच लिहिणार ना? हे खरे आहे की वहीने गोळी अडत नाही. पण ज्याची नोंद नाही त्यावर सरकारला जाब विचारता येत नाही. 'असे प्रकार आमच्याकडे तुरळकच घडतात' हे वाक्य कोणत्याही देशाच्या मंत्र्याला पाठ असते. त्या 'तुरळक'ला उत्तर फक्त यादी देऊ शकते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आम्हालाही मान्य आहे. नोंद जर वर्तमानपत्रांवर उभी असेल तर वर्तमानपत्रांचे पूर्वग्रहही नोंदीत येणार. राजधानीतल्या टोळीयुद्धाला पहिले पान मिळते, डोंगरातल्या वस्तीतल्या बाईला तीन ओळीसुद्धा मिळत नाहीत. रोमा वस्तीत गोळी सुटली तर ती बातमी 'त्यांच्यातल्या भांडणा'ची होते. शिवाय गोळी न झाडता नुसती टेबलावर ठेवलेली बंदूक रोज जी दहशत निर्माण करते तिची बातमी होतच नाही. म्हणून पोलीस, रुग्णालये आणि स्त्रियांच्या आश्रयगृहांची माहिती नोंदीला जोडली गेली पाहिजे. पण हा दोष दाखवून नोंदच नको म्हणणे म्हणजे आरसा डागाळलेला आहे म्हणून तोंडच न धुण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न कोणी सहसा विचारत नाही, तो आम्ही विचारतो. ही वही लिहायला बसतो कोण? आंतरराष्ट्रीय संस्थांच्या इंटर्नशिप वर्षानुवर्षे बिनपगारी राहिल्या. 2015 मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांकडे इंटर्न म्हणून आलेला न्यूझीलंडचा एक तरुण भाडे परवडत नाही म्हणून तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गेली. यूएनडीपीने पुढे इंटर्नना मासिक भत्ता द्यायला सुरुवात केली ही चांगली सुधारणा आहे. तरीही सहा महिने राजधानीत राहण्याचा खर्च, उत्तम इंग्रजी, पदव्युत्तर शिक्षण या अटी मिळून चाळण लागतेच. परिणाम असा की ज्या वस्तीत गोळ्या सुटतात त्या वस्तीतली मुलगी वहीत आकडा म्हणून येते, वही लिहिणारी म्हणून क्वचितच येते. आणि घटनेचे कारण ठरवणारा तो अवघड रकाना कोण भरतो याने फरक पडतो. 'कौटुंबिक वाद' असे लिहायचे की 'स्त्रीची हत्या' असे लिहायचे, हे लिहिणाऱ्याच्या अनुभवावर अवलंबून असते. ज्ञाननिर्मितीत वंचितांचा वाटा असावा ही मागणी सहानुभूतीची नाही, नोंद अचूक व्हावी यासाठीची आहे.

बाल्कनचा हा इतिहास आम्ही इथे मांडतो कारण भारतीय कायद्याला हा मुद्दा परका नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांतला तिसरा नियम काढून वाचा. राज्य शासनाने अत्याचाराची शक्यता असलेली क्षेत्रे निश्चित करावीत, तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तींचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारजमा करावीत, अवैध शस्त्रे जप्त करावीत आणि गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने द्यावेत, असे त्यात लिहिले आहे. पण क्षेत्र निश्चित करायचे कशाच्या आधारे? कोणत्या गावात, कोणाच्या बंदुकीतून, कोणावर गोळी सुटली याची सलग नोंद असेल तरच ना! 2019 च्या दुरुस्तीने लग्नकार्यातल्या बेजबाबदार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. वरातीतली ही गोळी कोणाला जरब दाखवण्यासाठी सुटते आणि कोणाला लागते, हेही कोणी तरी लिहून ठेवायला हवे.

समाजकार्याच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते. अनेकदा ते सर्वेक्षणाचे फॉर्म भरण्यात आणि संस्थेच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडण्यात जाते. त्यातले काही जण एका जिल्ह्यापुरती का होईना अशी नोंदवही चालवू शकतात : जिल्हा आवृत्तीतली बातमी, प्रथम खबरी अहवाल आणि पीडित कुटुंबाची भेट, तिन्ही ताडून. विद्यापीठांनी तिला गुण द्यावेत, शासनाने भत्ता द्यावा, आणि जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत ती वही टेबलावर ठेवली जावी. कायद्यातला नियम जागा करायचा तर आधी त्याला पुरावा पुरवावा लागेल, आणि तो पुरवणाऱ्यांत त्या त्या वस्तीतली मुलेमुली असली पाहिजेत.